पाच महिने नुसतं तणच उपटतेय

पत्र : ताई, मला ‘तू’च म्हणा. वय २४. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, दोन वर्षं हिशेबनिसाची नोकरी केली. ती सोडून एका वनस्पती उद्यानात दोन वर्षांची उमेदवारी धरली, कारण झाडांचं वेड लहानपणापासूनचं. पाच महिने झाले. तण काढलं, पाणी घातलं, कुंड्या धुतल्या, नावाच्या पाट्या लिहिल्या. बास, एवढंच. ज्यांच्या हाताखाली आहे ते काका माणूस म्हणून फार चांगले, पण काहीही विचारलं की एकच उत्तर : ‘बघ, म्हणजे कळेल.’ लॅटिन नावं डोक्यात राहत नाहीत. माझी मैत्रीण उद्यानविद्येच्या पदवीला आहे. ती मातीच्या सामूवर (माती किती आम्ल किंवा अल्क, त्यावर) बोलते आणि मी गप्प बसून ऐकते. भाऊ म्हणतो, ‘गवत उपटायला पगाराची नोकरी सोडलीस?’ उमेदवारी सोडून पदवीला जाऊ का?
तुमची, खुरपेवाली

उत्तर :

खुरपेवाली, तुझ्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते सोपं आहे. हो, गवत उपटायलाच. तुझा प्रश्न मात्र अवघड आहे.

तुझ्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्यात. काम कंटाळवाणं आहे ही एक, आणि कुणी शिकवत नाही ही दुसरी. पहिल्या तक्रारीत मी तुझ्या बाजूने नाही. दुसरीत आहे. म्हणून दोन्हींचा निवाडा वेगवेगळा करू.

तणापासून सुरुवात करते. वाफ्यात बसून तू एखादं रोप उपटतेस, तेव्हा ते तण आहे हे तुला कशावरून कळतं? पाच महिन्यांपूर्वी तुला कुणीतरी दाखवावं लागत असेल. आज हात आपोआप जातो. म्हणजे मधल्या काळात तुझ्या डोळ्यांनी काहीतरी शिकून घेतलं आणि तुला सांगितलंच नाही. उगवल्या उगवल्या रोपाला जी पहिली दोन पानं येतात ती बीजपत्रं. ती बहुतेक वेळा पुढच्या पानांसारखी मुळीच दिसत नाहीत. त्यांच्यावरून रोप ओळखणं हे भल्याभल्यांना जमत नाही. पुस्तकात चित्र असतं ते फुलावर आलेल्या झाडाचं. पण वनस्पती उद्यानात मोलाच्या झाडाचं बी त्याच वाफ्यात पडून उगवलेलं असतं, आणि तणाच्या गर्दीतून ते ओळखून वाचवायचं काम खुरपं धरणाऱ्याचं असतं. संचालकांचं नव्हे.

आणि सगळं तण एका पद्धतीने निघत नाही. एका हंगामात जगून मरणारं तण फुलण्याआधी कोरड्या, उन्हाच्या दिवशी वरवर खुरपलं तरी सुकून जातं. सोटमूळवाल्यांना माती ओलसर असताना सावकाश, मुळासकट काढावं लागतं. लव्हाळ्याची तर गंमतच. महापुरात लव्हाळी वाचतात ती वाकतात म्हणून, असं आपण ऐकत आलो. वाफ्यात ती वाचतात ती जमिनीखालच्या गाठींमुळे. वरचा हिरवा भाग ओढून काढला की वाफा स्वच्छ दिसतो, आणि थोड्याच दिवसांत तुझ्या मेहनतीवर हसत लव्हाळा परत उभा. गाठींच्या माळेतली एक जरी मागे राहिली तरी पुरते. हे तुला काकांनी सांगितलंय का? नसेल तर ते त्यांचं चुकलं, पण तू आता उकरून बघ.

एक काम आजपासून कर. वाफ्यात सापडणाऱ्या दहा तणांची एकेक पिल्लं छोट्या कुंड्यांत लाव, परवानगी घेऊन, कडेला कुठेतरी. बीजपत्रं, पहिलं खरं पान, फूल, बी, असं सगळं येईपर्यंत वाढव आणि चार दिवसांनी एकदा रेखाटन कर. चित्र चांगलं यायची गरज नाही. बी गळण्याआधी मात्र फेकायला विसरू नकोस, नाहीतर काकांचे शब्द जरा वाढतील.

पाणी घालणं याहून अवघड. बाहेरच्या माणसाला ते बागकामातलं सर्वांत सोपं काम वाटतं, आणि रोपवाटिकेत सर्वांत जास्त रोपं त्याच कामात मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, कुजायला लागतात, आणि वरची पानं मलूल होतात. मलूल पान बघून नवखा माणूस आणखी पाणी घालतो. झालं, संपलं.

मी स्वतः हेच केलं. माझ्या पहिल्या वर्षी, एका उद्यानाच्या रोपवाटिकेत, बियांचे चार ट्रे माझ्या भरवशावर होते. जंगलातून गोळा केलेलं बी, मोठ्या कष्टाने उगवलेलं. मी जीव लावून सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. आठवड्याभरात रोपं जमिनीलगत पिचकून ओळीने आडवी झाली. सततच्या ओलीत वाढणाऱ्या बुरशीसारख्या रोगाचं हे काम, रोपे कोलमडणे म्हणतात त्याला. वरिष्ठ रागावले नाहीत. त्यांनी नोंदवही पुढे ठेवली आणि म्हणाले, कारण तूच लिही. मी लिहिलं : ‘मेली. जास्त पाणी.’ खाली माझी सही. ती वही पुढे कित्येक वर्षं मला दिसत राहिली. तेव्हापासून मी पाणी घालायच्या आधी कुंडी उचलते. कोरड्या कुंडीचं वजन आणि भिजलेल्या कुंडीचं वजन एकदा हाताला कळलं की डोळे फसवू शकत नाहीत. रोज सकाळी वीस कुंड्या उचल, आधी अंदाज बांध, मग बोट खुपसून खात्री कर. महिन्याभरात तुझा हात तराजू होईल.

लंडनच्या क्यू उद्यानात एक सायकस कुळातल्यासारखं दिसणारं झाड आहे, एन्सेफॅलार्टोस अल्टेनस्टायनी. फ्रान्सिस मॅसन नावाच्या माळ्याने ते दक्षिण आफ्रिकेतून १७७५ मध्ये आणलं. जगातलं सर्वांत जुनं कुंडीतलं झाड म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. कुंडीतलं झाड, म्हणजे पावसावर न सोडलेलं. अडीचशे वर्षं कुणी ना कुणी त्याला आज पाणी हवं की नको हे ठरवत आलंय, आणि त्यांतल्या कुणाचाच अंदाज पार चुकला नाही. या लोकांपैकी कितीजणांची नावं राहिली असतील?

मॅसन स्वतः क्यूमध्ये हाताखालचा माळी होता. १७७२ मध्ये त्याला झाडं गोळा करायला पाठवलं ते पदवी बघून नाही, तर ज्याला झाड ओळखता येतं, खणून काढता येतं आणि बोटीवरच्या महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात जिवंत ठेवता येतं असा माणूस हवा होता म्हणून. ज्याच्या नावाने डग्लस फर हा वृक्ष ओळखला जातो तो डेव्हिड डग्लस स्कॉटलंडमध्ये स्कोनच्या बागेत पोरवयात उमेदवार म्हणून लागला आणि मग ग्लासगोच्या वनस्पती उद्यानात आला. थोडक्यात, तू ज्या वाटेवर आहेस ती नवी नाही आणि आडवाटही नाही. लंडनचं चेल्सी फिजिक गार्डन तर १६७३ मध्ये औषधं बनवणाऱ्यांच्या संघाने आपल्या उमेदवारांना वनस्पती ओळखायला शिकवण्यासाठीच उभारलं. तिथे ओळख चुकली तर रोगी मरायचा. कॅनडातल्या नायगारा इथली बागकामाची शाळा १९३६ मध्ये सुरू झाली तीही उमेदवार माळ्यांची शाळा म्हणूनच.

आता तुझ्या पाट्या. यावर जरा थांबते, कारण मला वाटतं तुला स्वतःच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट दिसलेली नाही.

सार्वजनिक बाग आणि वनस्पती उद्यान यांत फरक काय? दोन्हीकडे झाडं, दोन्हीकडे बाकं, दोन्हीकडे फोटो काढणारे. फरक वहीत आहे. वनस्पती उद्यानातल्या प्रत्येक झाडाला नोंद क्रमांक असतो, बहुतेक ठिकाणी त्याची सुरुवात झाड ज्या साली आलं त्या सालाने होते. त्या क्रमांकाखाली झाड कुठून आलं, कुणी दिलं, बी की कलम, कुठल्या वाफ्यात लावलं, कधी हलवलं, कधी मेलं, हे सगळं. जगभरच्या उद्यानांनी त्यासाठी एकाक्षरी खुणाही ठरवल्यात : थेट जंगलातून आलेल्याला डब्ल्यू, जंगली झाडापासून बागेत वाढवलेल्याला झेड, बागेतूनच आलेल्याला जी, आणि मूळ ठाऊक नसेल तर यू. जंगलातून नाहीशी होत चाललेली एखादी जात परत तिच्या जागी लावायची वेळ आली, तर हीच एक खूण बघून ठरतं की तुमच्या झाडाचा उपयोग आहे की नाही. पाटी पडली, क्रमांक हरवला, की तेच दुर्मीळ झाड नुसतं शोभेचं उरतं. जिवंत असून त्याची किंमत अर्धी.

आलेलं, गेलेलं, शिल्लक. तू दोन वर्षं हेच तर करत होतीस! फरक इतकाच की इथे खात्यावर रुपयांऐवजी झाडं आहेत. माझ्या पाहण्यातले बहुतेक उत्तम माळी नोंदींच्या बाबतीत अगदी गबाळे होते. हात सोन्याचे, वही रिकामी. तुझ्यासारखी हिशेबाची शिस्त घेऊन आलेली मुलगी उद्यानाला शोधून सापडत नाही. नोंदी बघणाऱ्या विभागात जा आणि एका वाफ्याची पडताळणी मला करू द्या म्हण. वहीत असलेली आणि जमिनीत असलेली झाडं जुळवायची. तफावत निघणारच, ती नेहमीच निघते. तिचा शोध घेताना तू जितकं शिकशील तितकं कुठल्याही वर्गात शिकणार नाहीस. (आणि भावाला सांगायला वाक्यही मिळेल : लेखापरीक्षण करते.)

लॅटिन नावांचं म्हणशील तर ती पाठ करू नकोस, त्यांचा अर्थ लाव. जातीचं नाव, म्हणजे जोडनावातला दुसरा शब्द, बहुतेक वेळा साधं विशेषण असतं. आल्बा म्हणजे पांढरं, रेपेन्स म्हणजे सरपटणारं, पालुस्ट्रिस म्हणजे दलदलीतलं, सटायव्हा म्हणजे लागवडीतलं, ऑफिसिनॅलिस दिसलं की समजायचं हे कधीकाळी औषधाच्या कोठीत होतं. दलदलीतलं असं नावातच लिहिलेलं झाड तू कोरड्या उतारावर लावणार नाहीस. कुळ आधी शिक, मग प्रजाती (जोडनावातला पहिला शब्द), जात शेवटी. कुळाची ठेवण एकदा डोळ्यात बसली की अनोळखी झाडासमोरही माणूस निम्मा घरच्यासारखा असतो. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, चुरडल्यावर वास, ओठासारखं फूल, हे तुळशीचं कुळ. एवढं आलं की पुदिना, सब्जा, लॅव्हेंडर सगळे नात्यातले निघतात. बऱ्याच उद्यानांत उमेदवारांची ठरावीक दिवसांनी ओळख परीक्षा असते : टेबलावर तोडलेल्या फांद्या मांडायच्या, आणि कुळ, प्रजाती, जात अचूक स्पेलिंगसह लिहायची. तुमच्याकडे नसेल तर बरोबरच्या उमेदवारांत तुम्हीच सुरू करा. आणि एक दिलासा : नावं शास्त्रज्ञच बदलतात. आपली ओळखीची सॅन्सेव्हिएरिया आता ड्रॅसिना झाली, रोझमेरी साल्व्हियात गेली. जुन्याजाणत्यांनाही तेव्हा तुझ्याचसारखं पहिल्यापासून बसावं लागलं, आणि पाट्या नव्याने लिहाव्या लागल्या.

आता काका. ‘बघ, म्हणजे कळेल’ हे वाक्य मला अर्धं मान्य आहे. कलम बांधताना दोन सालींखालचे हिरवे थर एकमेकांना भिडले की नाही, हे शब्दांत सांगून कळत नाही. फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर गळा राखून त्याच्या बाहेर कापायचं, बुंध्याला घासून कापायचं नाही, हेही दहा झाडांवर बघावं तेव्हा उमगतं. पण कुठे बघायचं हे तरी सांगायला नको? नुसतं ‘बघ’ म्हणणारा माणूस स्वतः कसा शिकला हे विसरलेला असतो. त्यांना कदाचित शब्दांत मांडता येत नसेल. हाताने काम करणाऱ्या पुष्कळांचं असं होतं, त्यात आकस नसतो. म्हणून ‘हे का करतात?’ असं विचारू नकोस. आपलं उत्तर बनवून ने आणि चुकू दे. ‘काका, या झाडाची पानं पिवळी पडलीत ती पाणी जास्त झाल्याने, बरोबर ना?’ चुकीचं विधान ऐकून गप्प बसणारा माळी मी अजून पाहिलेला नाही.

पण प्रश्न फक्त काकांचा नाही, उद्यानाचाही आहे. उमेदवारी आणि स्वस्तातली मजुरी बाहेरून अगदी सारखीच दिसतात, दोन्हींत माणूस चिखलात असतो. फरक कागदावर सापडतो. दोन वर्षांत तू कुठल्या विभागांतून फिरणार हे लिहून दिलंय का? रोपवाटिका, काचघर, वृक्षसंग्रह, बीजसंग्रह, हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह), जे काही तुमच्याकडे असेल ते. आठवड्यातले काही तास वर्गासाठी आहेत का? तुझं शिकणं तपासून सही करणारं कुणी आहे का? फवारणीला किंवा शिडीवर पाठवण्याआधी रीतसर प्रशिक्षण देतात का? यांतलं काहीच नसेल आणि विचारल्यावर फक्त ‘बघू’ मिळत असेल, तर तुझं अस्वस्थ होणं रास्त आहे. भीडभाड न ठेवता प्रशिक्षण बघणाऱ्या अधिकाऱ्याला भेट आणि पुढच्या सहा महिन्यांचा आराखडा लेखी माग. त्यात दोन गोष्टी आग्रहाने घालून घे : रोपवाटिकेतली पाळी, आणि एक छोटा वाफा जो सर्वस्वी तुझा असेल. आखणी तुझी, लागवड तुझी, चूकही तुझी.

पदवीबद्दल. तुझी मैत्रीण जे शिकते ते कमी दर्जाचं नाही, आणि ‘पुस्तकी ज्ञान’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. मातीचा सामू का महत्त्वाचा, तर तो चढला की लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. तू ती पानं रोज बघतेस, तिला कारण माहीत आहे. तुम्ही दोघी आठवड्यातून एकदा भेटलात तर दोघींचा फायदा. तुला वर्गीकरणशास्त्र, संशोधन किंवा अध्यापनात जायचं असेल तर पदवी लागेल, यात वाद नाही. पण ती उमेदवारीनंतरही घेता येते, आणि मग वर्गातलं प्रत्येक वाक्य तुला कुठल्या ना कुठल्या झाडापाशी नेऊन ठेवेल. उलटा क्रम लावणारेही असतात. पदवीधर होऊन पंचविशीत पहिल्यांदा खुरपं धरताना त्यांना जरा जड जातं, एवढंच.

कार्लोस मॅग्डालेना हा स्पॅनिश माणूस क्यूमध्ये येण्याआधी हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये काम करायचा. निम्फिया थर्मारम ही जगातली सर्वांत लहान कमळिणी, रवांडातल्या एका गरम झऱ्याकाठी १९८७ मध्ये सापडलेली, आणि तो झरा आटल्यावर २००८ पर्यंत तिथून नाहीशी झालेली. उद्यानांत बी उगवायचं, पण रोपं जगत नसत. कमळिणी पाण्यात बुडवून वाढवायची हे सगळ्यांना पाठ होतं. मॅग्डालेनाने तिच्या मूळ जागेचं वर्णन पुन्हा वाचलं. ती पाण्यात नव्हतीच, काठच्या ओल्या चिखलात वाढायची. त्याने कुंडीतल्या मातीच्या पृष्ठभागाइतकीच पाण्याची पातळी ठेवली, ऊब पंचवीस अंशांच्या आसपास, आणि रोपांना हवेतला कार्बन डायऑक्साइड मोकळा मिळाला. २००९ मध्ये ती फुलली. या गोष्टीत पुस्तकही आहे आणि कुंडीही, म्हणून तुला सांगितली.

तर, माझं मत : आत्ता सोडू नकोस. पाच महिने म्हणजे तू वर्षाचे सगळे ऋतूही बघितलेले नाहीत. जे झाड आज तुला काड्यांचा जुडगा वाटतंय ते फुलताना बघायचं राहिलंय, आणि आज रोपवाटिकेत लावलेल्या कलमांपैकी किती जगली हे कळायचं आहे. पूर्ण एक वर्ष होऊ दे. तोवर लेखी आराखडा मिळाला, रोपवाटिकेत पाळी लागली, तर दुसरं वर्षही कर. बाराव्या महिन्यातही तू फक्त तण, पाणी आणि कुंड्या यांतच असशील, तर खुशाल सोड. तेव्हा पदवीला गेलीस तर मीच तुला शाबासकी देईन.

कुंड्या धुण्याबद्दल काही बोलले नाही. ते खरंच कंटाळवाणं आहे. जुन्या मातीतले रोग नव्या रोपांत जाऊ नयेत म्हणून करावं लागतं, मी तीस वर्षं केलं आणि एकदाही आवडलं नाही. गाणी ऐकत कर. आणि तण काढताना गुडघ्यांखाली जाड गादी घे, आत्तापासून. चोविसाव्या वर्षी गुडघे काही बोलत नाहीत, माझे आता रोज बोलतात.